२००.६ टक्क्यांचा किल्ला

दिल्लीत मलकागंजकडून रिजच्या टेकडीवर चढू लागलं, की एका मोठ्या सरकारी इस्पितळाची पाटी दिसते: 'हिन्दू राव अस्पताल'. शाळेच्या वयात या पाटीवरून मी रोज दोनदा जात असे. अक्षरं पाठ होती, पण पाटी वाचायला मला पुढची बारा-तेरा वर्षं लागली. गंमत सगळी 'हिन्दू' आणि 'राव' यांच्यामध्ये सोडलेल्या बोटभर जागेत आहे. ती जागा आहे तोवर हा कुणी हिंदूंसाठी दवाखाना काढणारा दानशूर राव वाटतो. माझ्या वर्गातल्या पंजाबी मुलांची तशीच समजूत होती आणि माझीही होती. घरी साहेबराव, खाशेराव, फत्तेसिंगराव अशा नावांचे मामे-काके असूनही! ती जागा एकदा मनातल्या मनात मिटवून पाहा. 'हिंदुराव'. शब्द एकदम जिवणी बदलतो आणि दिल्लीच्या पाटीला कागलचा वास येऊ लागतो.

हे हिंदुराव म्हणजे कागलकर घाटग्यांपैकी. बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, म्हणून दौलतराव शिंद्यांचे मेहुणे. रिजवरच्या या बंगल्यात आधी विल्यम फ्रेझर हा ब्रिटिश अधिकारी राहत असे. मार्च १८३५मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि पुढे बंगला हिंदुरावांनी घेतला. १८५७च्या वेढ्यात इंग्रजांचं रिजवरचं मुख्य ठाणं हेच होतं. मेजर रीडच्या गुरख्यांनी ते जून ते सप्टेंबर लढवलं, त्यामुळे हिंदुरावांचं नाव सगळ्या इंग्रजी नकाशांवर गेलं आणि माणूस मात्र नावामागे नाहीसा झाला. सदर बाजाराजवळच्या वस्तीचं नाव 'बाड़ा हिन्दू राव'. त्या 'बाड़ा'त मराठी कानाला आपला वाडा ऐकू येतोच. मला तोही कधी ऐकू आला नव्हता.

हे सांगायचं कारण असं, की ज्या वर्षांत मी या पाटीवरून न वाचता जात होतो, त्याच वर्षांत मी एक अख्खा किल्ला अर्धाच पाहून परत आलो होतो. कोनामी कंपनीने १९९७ साली प्लेस्टेशनसाठी काढलेला गेम, 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट'. दिग्दर्शन तोरू हागिहारा यांचं, जोडीला कोजी इगाराशी. पात्रांची चित्रं आयामी कोजिमा यांची, संगीत मिचिरू यामाने यांचं. मित्राने पालिका बाजारातून सीडी आणली होती. आठ-नऊ संध्याकाळी खपून मी शेवटच्या दालनातल्या वैऱ्याला मारलं, निरोपाचे चार संवाद झाले, गेम संपला. "बरा आहे, जरा लहान आहे," असा शेरा मारून मी सीडी परत केली. तो शेरा आठवला की आजही कानांच्या पाळ्या गरम होतात.

वैर आहे ड्रॅक्युलाच्या किल्ल्याशी, आणि नायक आहे त्याचाच मुलगा. त्याचं नाव अल्युकार्ड. रोमन अक्षरांत ते उलट्या बाजूने वाचलं की 'ड्रॅक्युला' होतं. देवनागरीत ही कोटी मरते, कारण आपल्या काना-मात्रा उलट्या चालायला तयार नसतात. नाव तसं जुनंच, चित्रपटातून आलेलं. पण इथे त्याला नवं काम दिलेलं आहे. सुरुवातीलाच आपल्या हाती अल्युकार्ड येत नाही, येतो रिक्टर बेलमाँट, आधीच्या गेमचा नायक, आणि आपण थेट त्या आधीच्या गेमची अखेरची लढाई लढतो. ड्रॅक्युला पहिल्या पाच मिनिटांतच पडतो. म्हणजे शेवट आधी आला, नाव उलटं आलं. खेळणाऱ्याने अजून एक दारही उघडलेलं नाही आणि गेमने आपली सगळी युक्ती त्याच्या हातावर ठेवलेली आहे. उलटं करून पाहा, एवढंच तो म्हणतोय. आपण अर्थातच पुढे धावतो.

पुढे किल्ला. एकेक खोली पाहिली की नकाशावर एकेक निळा चौकोन उमटतो आणि किती टक्के किल्ला पाहून झाला त्याचा आकडा वाढत जातो. या आकड्याइतकी सभ्य थाप मी दुसरी पाहिलेली नाही. मी सिंहासनाच्या दालनात पोचलो तेव्हा आकडा नव्वदीच्या आसपास होता. सिंहासनावर बसला होता खुद्द रिक्टर, आता किल्ल्याचा धनी म्हणून. त्याला मारलं. नव्वद टक्के म्हणजे झालंच की! परीक्षेला बसून बसून शंभर हा आकडा आपल्या हाडांत इतका मुरलेला असतो, की त्याच्या पुढेही काही असेल अशी शंका येत नाही. प्रत्यक्षात या किल्ल्याचा पुरा आकडा आहे २००.६. नुसते दोनशेसुद्धा नाहीत. त्या शेवटच्या दशांशात करणाऱ्यांनी आपल्याला जी मऊ कोपरखळी मारली आहे तिच्यावर माझा फार जीव आहे.

मग दार कुठे होतं? त्याची वाट दोन अंगठ्यांतून जाते. एक सोन्याची, एक चांदीची. सोन्याची मिळते एका दुःस्वप्नातून. तिथे मेलेली आई समोर येते, माणसांचा द्वेष कर म्हणते, आणि आपली आई असं कधी बोलणार नाही एवढ्यावरून अल्युकार्ड तिला ओळखतो, म्हणजे ती आई नव्हे हे ओळखतो. चांदीची आहे प्रार्थनामंदिराच्या बाजूला, काट्यांनी भरलेल्या बोळाच्या पलीकडे. काटे मोडायला खास चिलखत हवं. ते चिलखत तळघराच्या अंधारात, आणि त्या अंधारातही काटे. तिथे वटवाघूळ होऊन चीत्कार करायचा. आवाजाच्या लहरी भिंतींवर आपटतात आणि त्या क्षणापुरती वाट दिसते. डोळे निकामी, कानाने पाहायचं. दोन्ही अंगठ्यांवर कोरलेले शब्द अर्धे-अर्धे आहेत. जोडले की घड्याळाच्या मनोऱ्यात घाल अशी सूचना होते. इथे एक खट्याळपणा आहे. किल्ल्यात घड्याळाचा मनोरा नावाचा वेगळा भाग आहेच, आणि आज्ञाधारक माणूस तिकडे जाऊन हात हलवत परत येतो. खरं घड्याळ आहे संगमरवरी दालनात, नकाशाच्या अगदी मध्यावर. त्याच खोलीत मिनिटाच्या हिशेबाने सरकणारा पुतळाही आहे, म्हणजे ही खोली काळाचं ऐकते हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. दोन्ही अंगठ्या घालून तिथे उभं राहिलं की जमीन उघडते. खाली मरिया नावाची मुलगी उभी असते आणि ती आपल्याला एक चष्मा देते.

आता थोडं थांबून या वस्तू अंगावर कुठे बसतात ते पाहू, कारण माझ्या मते या गेमचं सगळ्यात देखणं कलाकाम तिथे आहे आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. अल्युकार्डच्या अंगावर ठरावीक जागा आहेत: डोकं, अंग, झगा, हातांतल्या वस्तू, आणि दागिन्यांसाठी दोन. काटे मोडणारं चिलखत घालायचं तर अंगावरचं चांगलं चिलखत उतरवावं लागतं. दोन्ही अंगठ्या घालायच्या तर दागिन्यांच्या दोन्ही जागा जातात, म्हणजे कमावलेले ताईत काढून ठेवायचे. आणि चष्मा बसतो डोक्याच्या जागी. शिरस्त्राण उतरवल्याशिवाय तो घालता येत नाही. ज्या लढाईत मार सर्वांत जास्त, तिच्यात डोकं उघडं टाकून उतरायचं, कशासाठी तर नीट दिसावं म्हणून. आड वाटेच्या प्रत्येक वळणावर गेम आपल्याकडून एकेक संरक्षण काढून घेतो आणि त्याबद्दल अक्षर बोलत नाही. एखाद्या कादंबरीत हे आलं असतं तर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली असती. इथे ते सामानाच्या यादीत निमूट पडून आहे.

चष्मा लावून सिंहासनाच्या दालनात गेलं की रिक्टरभोवती तरंगणारा हिरवा गोळा दिसतो. रिक्टर कळसूत्री बाहुली आहे, दोरी त्या गोळ्यात. मग लढाईची चालच बदलते. ज्याच्यावर वार करायची सवय लागली त्याला चुकवायचं आणि त्याच्या अवतीभवतीच्या हवेवर वार करायचे. गोळा फुटतो, आड बसलेला शाफ्ट नावाचा पुरोहित उघडा पडतो, वर पळतो. आपण मान वर करतो. ढगांतून दुसरा किल्ला खाली उतरत असतो, शिखरं जमिनीकडे केलेला, तोच, अगदी तोच, उलटा.

'तोच' हा शब्द मी जपून वापरतोय. नकाशाचा कागद टेबलावर ठेवून अर्धा वळसा द्यावा, तसा हा दुसरा किल्ला आहे. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. खोली न् खोली ओळखीची आणि एकही खोली चालायला ओळखीची नाही. छतं आता जमिनी झालेली, पायऱ्या डोक्यावर दातांसारख्या लोंबणाऱ्या, डौलदार कमानी पायाखाली खड्डे होऊन बसलेल्या. याचा अर्थ असा की पहिल्या किल्ल्याचं प्रत्येक छत कधीतरी कुणाच्या तरी पायांखाली येणार आहे हा हिशेब धरूनच ते उभं राहू शकतं. चित्रकार कॅनव्हास उलटा करून तोल तपासतात म्हणे. इथे उलटं केल्यावर चित्राने नुसता तोल सांभाळून भागत नाही, त्यावरून माणसाने धावलं पाहिजे. आणि धावायचंही नसतं बरं का. इथवर पोचेपर्यंत अल्युकार्डला वटवाघूळ होऊन उडता येतं, धुकं होऊन गजांतून जाता येतं. पहिल्या किल्ल्यात उंची हा अडथळा होता. दुसऱ्यात अडथळा उरतच नाही, उरतो तो ओळखीच्या जागी परका होऊन फिरण्याचा संथ आनंद. जागांची नावंही अर्ध्या वळशाची आहेत. प्रार्थनामंदिर होतं तिथे प्रति-मंदिर, ग्रंथालय होतं तिथे निषिद्ध ग्रंथालय.

अर्ध्या वळशात एकच बिंदू जागचा हलत नाही, मधला. कंपासचं टोक रुततं तो. तिथेच ते घड्याळ. पहिल्या किल्ल्यात ज्या मध्यबिंदूखाली मरिया चष्मा घेऊन उभी होती, दुसऱ्या किल्ल्यात त्याच जागी ड्रॅक्युला वाट पाहतो. बाप शोधत मुलगा दोन किल्ले पालथे घालतो, आणि बाप निघतो तो पहिल्या दिवसापासून ज्या खोलीतून मुलगा ये-जा करत होता तिच्या पलीकडे. भूमितीने केलेलं हे काम आहे. शब्द एकही खर्ची पडलेला नाही.

उलट्या किल्ल्यातली आणखी एक जागा मला हळवं करते. तिथल्या आखाड्यात तिघे जण एकदम अंगावर येतात: ट्रेवर, ग्रँट, सायफा. न जाणणाऱ्याला ती तीन भुतं. पण १९८९च्या 'कॅसलव्हेनिया ३'मध्ये हेच तिघे अल्युकार्डच्या खांद्याला खांदा लावून लढले होते. समोर आहेत ती त्यांची नक्कल करणारी प्रेतं. अल्युकार्ड थबकत नाही, संगीत बदलून आपल्याला कुणी रडा असं सांगत नाही. ज्याला आठवतं त्याच्याच बोटांना कंट्रोलरवर किंचित वेळ लागतो. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मिरात बसून ध्वनी म्हणून ज्याची मांडणी केली ते हेच असणार. सांगितलेल्याच्या आड न सांगितलेलं वाजत राहतं, आणि ते ऐकू यायला ऐकणाऱ्याच्या पदरी काहीतरी असावं लागतं.

दोषही आहे. पहिल्या किल्ल्यात यामाने यांनी प्रत्येक भागाला वेगळी चाल दिली आहे. ग्रंथालयाचं संगीत वेगळं, मनोऱ्याचं वेगळं, आणि एकाहून एक. उलट्या किल्ल्यात मात्र बऱ्याच भागांत एकच ऑर्गनची तान पुन्हा पुन्हा येते. पहिल्या तासाला ती भारी वाटते, तिसऱ्या तासाला आवाज बंद करावासा वाटतो. ज्यांनी छतांचा इतका विचार केला त्यांनी कानांचाही तितकाच करायला हवा होता, ही रुखरुख राहते.

लपवणं ही जुनी खोड. १९८०च्या सुमाराला वॉरन रॉबिनेटने अटारीच्या 'ॲडव्हेंचर'मध्ये आपलं नाव एका गुप्त खोलीत लिहून ठेवलं, कारण कंपनी करणाऱ्याचं नाव छापत नसे. किल्ली म्हणजे पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक करडा ठिपका. ते सहीपुरतं होतं. अख्खं काम लपवण्यात मोठे झाले ते जपानी. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या २०११च्या 'डार्क सोल्स'मध्ये दलदलीतल्या एका भल्यामोठ्या झाडात खोटी भिंत आहे. ती फोडली की पेटी, पेटीत एक फुटकळ लाकडी ढाल. मिळालं, झालं, असं म्हणून माणूस वळतो. पेटीच्या मागे दुसरी खोटी भिंत आहे, आणि तिच्यामागे झाडाच्या पोकळीतून खाली उतरत गेलं की राखेच्या रंगाचं निःशब्द सरोवर. फुटकळ ढालीचं ते आमिष मला १०० टक्क्यांच्या आकड्याचं सख्खं भावंड वाटतं. पण त्याच गेमच्या पुढच्या पुरवणीत शिरायचं तर एका ठिकाणचा सोनेरी स्फटिकाचा राक्षस मारायचा, दुसऱ्याच ठिकाणचा निळा मारून तुटका लोलक आणायचा, मग परत पहिल्या ठिकाणी. याचा धागा खेळणाऱ्याच्या हाती कुणी देत नाही. याला मी लपवणं म्हणणार नाही, हरवणं म्हणेन. 'सिम्फनी' प्रत्येक वळणावर खूण ठेवतो. नुसती खूण म्हणून ती ओरडत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स मंडळींनी २०२०मध्ये आणलेल्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक'ची तऱ्हा आणखी वेगळी. काहीच लपवलेलं नाही. भावाला शोधत निघालेली राजी ज्या भिंतींजवळून पळते त्यांवर चित्रं आहेत. समोर थांबलं तर दुर्गा आणि विष्णू त्यांतल्या गोष्टी सांगतात. थांबायचं मात्र आपण. राक्षस मागे असताना देवळात चित्रं पाहत कोण थांबतो? मी पहिल्या वेळी निम्म्या गोष्टी ऐकल्याच नव्हत्या. सवय जुनीच.

परवा घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या प्लास्टरपायी हिंदुरावला दिवसभर बसणं झालं, तेव्हा आवारात पाय मोकळे करायला निघालो. इस्पितळाच्या आवारातच एक ओबडधोबड दगडी दुमजली वास्तू आहे, 'पीर गायब'. फिरोजशहा तुघलकाच्या शिकारमहालाचा हा उरलेला तुकडा. लोक सांगतात, कुणी पीर इथे राहत असे आणि एके दिवशी तो दिसेनासा झाला. वरच्या मजल्यावर एका दालनात थडग्याचा चौथरा आहे. दुसऱ्या दालनाच्या छतातून आरपार वर गेलेलं एक दगडी नळकांडं आहे. आकाशातल्या ग्रहताऱ्यांचा वेध घ्यायला ते असावं असं मानतात. खाली उभं राहून वर पाहिलं की वाटीएवढं आकाश दिसतं, बाकी काही नाही. जवळच एक पडकी बावडी आहे. रस्त्याने थोडं पुढे अशोकाचा स्तंभ. मेरठहून फिरोजशहाने आणलेला, फर्रुखसियरच्या काळात दारूच्या कोठाराच्या स्फोटात पाच तुकडे झालेला, १८६७मध्ये सांधून उभा केलेला. सांधे अजून दिसतात. नळकांड्याखाली मी मान वर करून उभा होतो तेव्हा जिन्यात बसून डबा खाणाऱ्या वॉर्डबॉयने विचारलं, "क्या ढूँढ रहे हो, भाईसाब?" मी म्हटलं, कुछ नहीं. तो म्हणाला, ऊपर कुछ नहीं है.

संध्याकाळी बाकावर बसून फोनवर पुन्हा तोच किल्ला उघडला. आता तो फोनवरही मिळतो. या वेळी मी कुठेही जात नव्हतो. प्रार्थनामंदिरातल्या कबुलीजबाबाच्या खोलीत गेलो. तिथे खुर्ची आहे, अल्युकार्डला तिच्यावर बसता येतं. बसून राहिलं तर पडद्यापलीकडे एक भूत येतं. कधी शांतपणे ऐकून घेतं आणि द्राक्षाचा रस ठेवून जातं, कधी पडद्यातून भाले खुपसतं. काय होईल ते बसल्याशिवाय कळत नाही. ग्रंथपाल म्हातारा ज्या खुर्चीत बसतो तिच्या बरोबर खालच्या खोलीतून छताला जोराची धडक दिली, तर तो वर खुर्चीसकट उडतो आणि त्याच्या जवळच्या वस्तू गळतात. याचा कथेशी सुतराम संबंध नाही. कुणाला तरी वाटलं, म्हाताऱ्याच्या खाली खोली आहे तर एखादा वात्रट धडक मारून पाहील, आणि त्या एका वात्रटासाठी त्याने सगळं रंगवून ठेवलं.

आणि शेंगदाणे. किल्ल्यात खाण्याच्या बऱ्याच वस्तू सापडतात, त्यांत शेंगदाणेही आहेत. बाकी काही खाल्लं की तब्येत भरते. शेंगदाणा मात्र अल्युकार्ड वर उडवतो, आणि तो खाली येताना बरोबर खाली उभं राहून तोंडात झेलावा लागतो. ड्रॅक्युलाचा मुलगा, तीनशे-चारशे वर्षांचा, अंगावर रेशमी झगा, चंद्रप्रकाशात तोंड उघडून शेंगदाण्याची वाट पाहत उभा. माझे दहातले तीन झेलून होतात. त्या संध्याकाळी चार झाले.